घनतेची मापे : जुन्या व दशमान पद्धतींतील परस्पर रूपांतर

शेतीच्या व्यवहारात वजन आणि आकारमान या दोन मापांची गरज पदोपदी भासते. पायली हे आकारमानाचे माप, तर मण व शेर ही वजनाची मापे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर तीळ यांचे वजन सारखे भरत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. आकारमान एकच असताना वजन कमीअधिक का भरते, याचे उत्तर ज्या राशीत सामावलेले आहे तिला ‘घनता’ असे म्हणतात. एकक आकारमानात सामावणारे वजन म्हणजे त्या पदार्थाची घनता, अशी तिची सोपी व्याख्या करता येईल.

आपल्या देशात १९५६ च्या वजने व मापे यांसंबंधीच्या कायद्यान्वये दशमान पद्धतीचा स्वीकार झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अंमलात आली. तथापि जुनी मापे व्यवहारातून पूर्णपणे गेलेली नाहीत. गाळ, मुरूम व वाळू आजही ब्रासने मोजली जातात, आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट. जमीन एकर व गुंठ्यांत सांगितली जाते. जुन्या पुस्तकांतील व तक्त्यांतील आकडे पौंड, घनफूट व गॅलन यांत दिलेले असतात. परदेशी पत्रिकांत बुशेल आढळते. प्रयोगशाळेचा अहवाल व खताचे पोते मात्र किलोग्रॅममध्ये असते. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम अखेर ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यावर व शेतकऱ्यावर येऊन पडते. ते बिनचूक कसे करावे, हे या पाठात उदाहरणांसह सांगावयाचे आहे.

१. पाणी ही आपली कसोटी

घनतेची मापे ध्यानात ठेवण्याचा सर्वांत सुलभ मार्ग म्हणजे पाण्याची घनता निरनिराळ्या मापांत पाठ करणे होय. ती अशी :

एक घनसेंटिमीटर पाणी : सुमारे १ ग्रॅम
एक लिटर पाणी : सुमारे १ किलोग्रॅम
एक घनमीटर पाणी : सुमारे १,००० किलोग्रॅम, म्हणजे एक टन
एक घनफूट पाणी : सुमारे ६२.४ पौंड
एक ब्रिटिश गॅलन पाणी : सुमारे १० पौंड

या पाचही ओळी एकाच पाण्याविषयी आहेत. आकडे निरनिराळे दिसतात याचे कारण मापे निराळी आहेत, पाणी निराळे नाही. म्हणून ‘घनता ८१ आहे’ असे विधान कोणी केल्यास त्यास काहीही अर्थ नाही. ८१ कशाचे आणि कशात, हे दोन्ही सांगितल्यावाचून घनतेचा आकडा पूर्ण होत नाही.

२. रूपांतराचा नियम

घनतेच्या मापात दोन एकके असतात : वर वजनाचे व खाली आकारमानाचे. रूपांतर करताना दोन्ही बदलावी लागतात. १ पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, आणि १ घनफूट म्हणजे २८,३१७ घनसेंटिमीटर. यास्तव १ पौंड प्रति घनफूट म्हणजे ४५३.६ भागिले २८,३१७, अर्थात ०.०१६०२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. यावरून पुढील नियम मिळतात :

(अ) पौंड प्रति घनफूट या आकड्यास ६२.४ ने भागावे. उत्तर ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये येते.
(आ) ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर या आकड्यास ६२.४ ने गुणावे. उत्तर पौंड प्रति घनफुटात येते.
(इ) पौंड प्रति घनफूट या आकड्यास १६.०२ ने गुणावे. उत्तर किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये येते.
(ई) पौंड प्रति ब्रिटिश गॅलन या आकड्यास १० ने भागावे. उत्तर व्यवहारापुरते किलोग्रॅम प्रति लिटरमध्ये येते.

ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, किलोग्रॅम प्रति लिटर आणि टन प्रति घनमीटर या तिन्ही मापांत आकडा एकच राहतो. दशमान पद्धतीची ही मोठीच सोय आहे. द्रवांचे एक उदाहरण पाहू. दुधाची घनता सुमारे १.०३ किलोग्रॅम प्रति लिटर असते. जुन्या मापात ती प्रति गॅलन सुमारे १०.३ पौंड होते. शंभर लिटर दुधाचे वजन सुमारे १०३ किलोग्रॅम भरते. ज्या ठिकाणी दूध वजन करून घेतात व दर लिटरचा लावतात, तेथे हा तीन किलोंचा फरक हिशेबात धरला आहे की नाही, हे उत्पादकाने अवश्य विचारून घ्यावे.

३. नेहमी होणाऱ्या चुका

पहिली चूक अर्ध्या रूपांतराची. समजा, एका जमिनीची घनता ८२.६ पौंड प्रति घनफूट आहे. एखादा कार्यकर्ता पौंडांचे किलोग्रॅम करतो, त्यास ३७.५ हा आकडा मिळतो, आणि तो ‘३७.५ किलोग्रॅम प्रति घनमीटर’ असे लिहून मोकळा होतो. वजन बदलले, पण घनफुटाचा घनमीटर केलाच नाही. पाण्याची कसोटी लावताच चूक उघडकीस येते. एक घनमीटर पाणी हजार किलो भरते; मग तेवढीच माती अवघी साडेसदतीस किलो कशी भरेल? योग्य उत्तर ८२.६ गुणिले १६.०२, म्हणजे सुमारे १,३२३ किलोग्रॅम प्रति घनमीटर असे आहे.

दुसरी चूक विशिष्ट गुरुत्वासंबंधी होते. विशिष्ट गुरुत्व म्हणजे पदार्थ पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखविणारा आकडा. त्यास एकक नसते व तो कोणत्याही पद्धतीत बदलत नाही. ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमधील घनतेचा आकडा विशिष्ट गुरुत्वाशी जुळतो, म्हणून दोहोंत गल्लत झाली तरी तेथे बाधा येत नाही. परंतु सूत्रात विशिष्ट गुरुत्व हवे असताना पौंड प्रति घनफुटाचा आकडा घातला, तर उत्तर ६२.४ पटींनी चुकते.

तिसरी चूक ब्रिटिश व अमेरिकन मापे एक मानण्याची. ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा, तर अमेरिकन गॅलन ३.७९ लिटरचा असतो. ब्रिटिश बुशेल ३६.३७ लिटरचे, तर अमेरिकन बुशेल ३५.२४ लिटरचे आहे. यास्तव पुस्तक कोणत्या देशातील आहे, हे आधी पाहावे.

४. जमिनीची स्थूल घनता शेतावर कशी काढावी

जमिनीच्या कणांमध्ये हवा व पाणी यांनी व्यापलेली पोकळी असते. ही पोकळी धरून एकक आकारमानात भरणारे कोरड्या मातीचे वजन म्हणजे स्थूल घनता. ती काढण्यासाठी दोन्ही तोंडे उघडी असलेली, एका कडेस धार लावलेली लोखंडी नळी पुरेशी होते. आपली नळी आतून ७.५ सेंटिमीटर व्यासाची व ८ सेंटिमीटर उंचीची आहे असे धरू. तिचे आतील आकारमान सुमारे ३५३ घनसेंटिमीटर होते.

जमिनीला वापसा आल्यावर नळी सरळ व सावकाश ठोकून आत घालावी. आजूबाजूची माती उकरून ती अलगद बाहेर काढावी आणि दोन्ही कडांबाहेर आलेली माती सुरीने सपाट कापावी. आतील मातीचे प्रथम ओले वजन करावे. नंतर ती १०५ अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत, साधारणतः २४ तास, वाळवून कोरडे वजन करावे. काळ्या जमिनीत ओलाव्याची नोंद विशेष काळजीने ठेवावी, कारण ही जमीन भिजल्यावर फुगते व वाळल्यावर आकसून भेगाळते. त्यामुळे तिची स्थूल घनता ओलाव्याबरोबर बदलते. भेगेवर नळी ठोकल्यास आकडा निरुपयोगी ठरतो.

समजा, ओले वजन ५७५ ग्रॅम व कोरडे वजन ४६० ग्रॅम भरले. ४६० भागिले ३५३ म्हणजे १.३० ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर ही स्थूल घनता झाली. जुन्या मापात ती १.३० गुणिले ६२.४, म्हणजे सुमारे ८१ पौंड प्रति घनफूट होते. पाण्याचे वजन ११५ ग्रॅम, म्हणजे कोरड्या मातीच्या २५ टक्के आहे.

आता ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत किती पाणी साठले आहे ते काढू. ०.२५ गुणिले १.३० गुणिले ३०, म्हणजे ९.७५ सेंटिमीटर. जुन्या मापात एक फूट, म्हणजे बारा इंच खोलीसाठी, ०.२५ गुणिले १.३० गुणिले १२, म्हणजे ३.९ इंच. सूत्र तेच व १.३० हा आकडाही तोच आहे, कारण येथे तो विशिष्ट गुरुत्व म्हणून येतो. हीच जागा ८१ या आकड्याने भरली, तर एक फूट मातीत २४३ इंच, म्हणजे वीस फुटांहून अधिक पाणी असल्याचे उत्तर येईल! असे उत्तर आल्यास मातीचा दोष नसून मापाचा दोष आहे, हे ओळखावे.

५. माती तपासणीचा अहवाल व वीस लाख पौंडांचा हिशेब

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा होय, कारण येथील चूक थेट पिकाला भोवते.

अनेक ठिकाणी प्रयोगशाळा अन्नद्रव्याचे प्रमाण दहा लाख भागांत किती भाग, म्हणजे पीपीएममध्ये देते. त्यावरून एकरी किंवा हेक्टरी प्रमाण काढण्यासाठी नांगरटीच्या थराचे वजन ठाऊक असावे लागते, आणि ते घनतेवरूनच निघते. जुन्या ग्रंथांत हा हिशेब असा दिलेला असतो : एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. थराची खोली ६ पूर्णांक दोन-तृतीयांश इंच धरली, तर २४,२०० घनफूट माती होते. घनता सुमारे ८२.६ पौंड प्रति घनफूट, म्हणजे १.३२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली, तर थराचे वजन २० लाख पौंड भरते. दहा लाखांत एक भाग, तर वीस लाखांत दोन भाग. म्हणून पीपीएमला २ ने गुणले की एकरी पौंड मिळतात.

एकरी पौंडांचे हेक्टरी किलोग्रॅम करण्यास १.१२ ने गुणावे लागते. म्हणून पीपीएमला २.२४ ने गुणले की हेक्टरी किलोग्रॅम मिळतात. आजच्या अहवालांत वारंवार दिसणारा २.२४ हा गुणक असा आला आहे. त्याच्या मुळाशी हेक्टरी २२.४ लाख किलोग्रॅम मातीचे वजन आहे.

प्रस्तुत लेखकाकडून नोकरीच्या पहिल्या वर्षी याच ठिकाणी चूक घडली. एका शेताच्या अहवालात उपलब्ध स्फुरद, मूलद्रव्याच्या रूपात, ८ पीपीएम होते. कार्यालयातील जुन्या तक्त्यावर ‘दोनने गुणावे’ एवढेच लिहिलेले होते. पौंडांचा उल्लेख असलेला वरचा भाग फाटून गेला होता. त्यानुसार १६ हा आकडा आला व तो एकरी किलोग्रॅम समजून लिहिला गेला. हेक्टरी सुमारे ४० किलोग्रॅम! ऑलसन पद्धतीच्या सर्वसाधारण वर्गवारीत हेक्टरी १० किलोग्रॅमखाली कमी, १० ते २५ मध्यम व २५ हून अधिक ते जास्त, असे मानतात. म्हणून हरभऱ्यास स्फुरद कमी करण्याचा सल्ला देण्यात आला.

शेतमालक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी अहवाल हातात घेतला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “साहेब, तीन वर्षं या रानात स्फुरदाचं खत पडलेलं नाही. मागच्या खेपेला घाटेही नीट भरले नाहीत. मग जमिनीत एवढं आलं कुठून?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. हिशेब पुन्हा मांडला तेव्हा चूक सापडली. ८ गुणिले २ म्हणजे १६ पौंड प्रति एकर. १६ गुणिले १.१२ म्हणजे १७.९ किलोग्रॅम प्रति हेक्टर. जमीन ‘जास्त’ वर्गात नसून ‘मध्यम’ वर्गात होती. पेरणी व्हावयाची होती म्हणून सल्ला वेळीच सुधारता आला. पेरणी उरकली असती, तर एका पुसट झालेल्या शब्दाची किंमत त्या शेतकऱ्याने दिली असती. शेतकऱ्याचा अनुभव व कागदावरील आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर आधी आकड्याची एकके तपासावीत, हा धडा तेव्हापासून लेखकाच्या मनावर कोरला गेला आहे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण मागील परिच्छेदात मोजलेल्या जमिनीची घनता १.३० आहे. तिच्या १५ सेंटिमीटर थराचे आकारमान हेक्टरी १,५०० घनमीटर, म्हणून वजन १९.५ लाख किलोग्रॅम होते व गुणक १.९५ निघतो. त्याने ८ पीपीएमचे १५.६ किलोग्रॅम होतात. घनता व खोली यांप्रमाणे गुणक असा थोडाफार बदलतो. परंतु खताच्या शिफारशीसाठी वर्गवारीचा तक्ता ज्या गुणकावर बेतलेला आहे तोच गुणक वापरावा. एकाचा तक्ता व दुसऱ्याचा गुणक यांची सरमिसळ करू नये.

६. ब्रास, गाळ व ट्रॉली

महाराष्ट्रात २०१७ पासून राबविण्यात आलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे तलावातील गाळ शेतात पसरण्याच्या कामास चालना मिळाली. गाळाचा व्यवहार ब्रासने, तर वाहनाची क्षमता टनाने सांगितली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घनमीटर. सुटा, बऱ्यापैकी कोरडा गाळ ७५ पौंड प्रति घनफूट भरला, तर एका ब्रासचे वजन ७,५०० पौंड, म्हणजे सुमारे ३,४०० किलोग्रॅम होते. दशमान पद्धतीने पडताळा पाहू : घनता १.२० टन प्रति घनमीटर, गुणिले २.८३, म्हणजे ३.४० टन. उत्तर जुळले. तोच गाळ ओला असून १०० पौंड प्रति घनफूट भरला, तर ब्रासचे वजन सुमारे ४,५४० किलोग्रॅम होईल. ट्रॉली तेवढीच भरलेली दिसते, पण तिच्यावर अकराशे किलोंहून अधिक भार वाढलेला असतो. उतारावर ओला गाळ वाहणाऱ्याने हे विसरू नये.

ब्रास हे आकारमान असल्याने थराची जाडीही त्यावरून काढता येते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. गुंठ्यास एक ब्रास गाळ पसरला, तर थर सुमारे १.१ इंच, म्हणजे २.८ सेंटिमीटर जाडीचा बसतो.

७. धान्याचे हेक्टोलिटर वजन व कोठीची क्षमता

धान्याची घनता शंभर लिटरमागे किलोग्रॅममध्ये सांगतात. त्यास हेक्टोलिटर वजन म्हणतात. दाणा टपोरा व भरलेला असल्यास हे वजन अधिक, सुरकुतलेला असल्यास कमी भरते. अमेरिकन पत्रिकांत गव्हाचे वजन एका बुशेलला ६० पौंड असे आढळते. पौंड प्रति अमेरिकन बुशेल या आकड्यास १.२८७ ने गुणले असता हेक्टोलिटर वजन मिळते. म्हणजे ६० चे ७७.२ किलोग्रॅम होतात. ब्रिटिश बुशेलसाठी गुणक १.२४७ असून त्याने त्याच ६० चे ७४.८ होतात.

आता ३ फूट व्यासाची व ४ फूट उंचीची पत्र्याची गोल कोठी घेऊ. तिचे आकारमान सुमारे २८.३ घनफूट. गहू ४८ पौंड प्रति घनफूट धरला, तर १,३५८ पौंड, म्हणजे सुमारे ६१६ किलोग्रॅम मावतो. दशमान पद्धतीने : कोठी सुमारे ८०० लिटरची, म्हणजे ८ हेक्टोलिटर, ८ गुणिले ७७ म्हणजे ६१६ किलोग्रॅम. कोठी सहा क्विंटलची म्हणून घ्यावी. हलक्या धान्यासाठी हीच कोठी त्या मानाने कमी वजनाची ठरेल, हे उघड आहे.

८. ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

(१) घनतेचा आकडा एककावाचून लिहू नये व स्वीकारू नये.
(२) रूपांतर करताना वजन व आकारमान दोन्ही बदलावीत.
(३) प्रत्येक उत्तर पाण्याच्या घनतेशी ताडून पाहावे. कोरडी माती पाण्याहून साधारणतः जड व सुटे धान्य पाण्याहून हलके भरते.
(४) एक उदाहरण दोन्ही पद्धतींनी सोडवून उत्तरे जुळतात की नाही ते पाहावे.
(५) मोजमाप जितके सूक्ष्म, तितकेच सूक्ष्म उत्तर द्यावे. नळीने काढलेली घनता १.३० अशी लिहिणे पुरे, १.३०३१ असे लिहिल्याने ती अधिक खरी ठरत नाही.
(६) कार्यालयातील जुना तक्ता वापरण्यापूर्वी त्यावर एकके स्पष्ट लिहून घ्यावीत.

सरावासाठी उदाहरणे

(क) एका मुरमाड जमिनीची स्थूल घनता ९३.६ पौंड प्रति घनफूट आहे. ती दशमान पद्धतीत मांडा.
(ख) एका धान्याचे हेक्टोलिटर वजन ७५ किलोग्रॅम आहे. ते पौंड प्रति घनफूट किती?
(ग) अहवालात पालाश १५० पीपीएम आहे. एकरी पौंड व हेक्टरी किलोग्रॅम काढा.

उत्तरे : (क) १.५० ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे १,५०० किलोग्रॅम प्रति घनमीटर. (ख) ७५० किलोग्रॅम प्रति घनमीटर भागिले १६.०२, म्हणजे सुमारे ४६.८. (ग) ३०० पौंड प्रति एकर. ३३६ किलोग्रॅम प्रति हेक्टर.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ही उदाहरणे प्रथम स्वतः सोडवावीत व नंतर गावातील शेतकऱ्यांसमवेत, त्यांच्याच शेतातील मातीचे व त्यांच्याच घरातील कोठीचे माप घेऊन करून दाखवावीत. एकदा हाताने मोजलेली घनता मनुष्य विसरत नाही. मापांचे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नाही. शेतकऱ्याने खताच्या पोत्यावर खर्च केलेला पैसा सार्थकी लागतो की वाया जातो, हे पुष्कळदा आकड्यापुढील त्या दोन शब्दांवरच अवलंबून असते.